पहिली वाटी करणाऱ्याची

३ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

फाडू नकोस. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून हात फाडायला उचलला असशील, तर तो आधी खाली घे आणि बस. मी समेट घडवायला लिहीत नाहीये. मला सूप करायचंय आणि ते मला येत नाही, एवढंच काम आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

बाबांना झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, हे तुझ्या दादानं तुला कळवलं होतं. तू त्याला 'बरं' एवढंच उत्तर पाठवलंस. ठीक आहे, माझं त्यावर काही म्हणणं नाही. (आहे, पण ते नंतर.) आता ते दवाखान्यातून घरी आलेत. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी पलंग लावलाय. बोलण्याचं म्हणशील तर सगळे शब्द गेले आणि नेमका एकच मागे राहिलाय, 'छे!' हसू नकोस. मी हसले, तेही डॉक्टरीणबाईंसमोर, आणि मग मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तूच सांग, ज्या माणसानं जन्मभर उठल्यापासून झोपेपर्यंत 'छे'च म्हटलं, त्याच्याजवळ शेवटी तेवढंच शिल्लक राहावं? खिडकी उघडू का? छे. रेडिओ लावू का? छे. मी वाईट सून आहे का? छे. (हे मी मुद्दाम विचारते.)

अडचण अशी आहे की ते खात नाहीत. गिळता येतंय, बाईंनी नीट तपासून बघितलं. पण चमचा ओठांशी नेला की छे, आणि तोंड भिंतीकडे. सदरा अंगावर नुसता लोंबतो. महिनाअखेरीला बाई पुन्हा बघायला येणार आहेत, आणि तोवर वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल म्हणाल्या. नळी, भिंगरे! ज्यांनी अख्ख्या रस्त्याला चव कशाशी खातात ते शिकवलं, त्यांच्या पोटात नाकावाटे पांढरं पीठ जाणार!

म्हणून आज मी बाबांच्या बंद पडलेल्या सूपच्या दुकानाचं कुलूप उघडून तिथलं मोठं पातेलं घरी आणलं. तुला आठवतंय ना, मी दुकानात असायची ती फक्त रविवारी, गल्ल्यावर. आत शेगडीपाशी तुम्ही बापलेक. मला दिसायच्या त्या तुमच्या पाठी. कोंबडी, कांदा, पाणी, यात अवघड ते काय, असं समजून मी सगळं एकदम टाकलं, गॅस मोठा केला, वरून मीठ. झालं काय, तर भांडी विसळलेलं पाणी! तुमच्या दुकानाचा नियम म्हणून पहिली वाटी करणाऱ्याची, म्हणजे माझी. प्यायले. शिक्षाच होती ती. तुझा दादा "छान झालंय की" म्हणाला. दिवसभर लिफ्टा दुरुस्त करून आलेला माणूस, त्याला लिफ्टचं वंगण वाटीत घालून दिलं तरी तो छानच म्हणणार.

मग बाबांकडे नेलं. आणि आता ऐक! भिंतीकडे वळलेलं तोंड वासाबरोबर परत वळलं. ओठ आपणहून उघडले. एक चमचा घेतला, डोळे मिटून तोंडात घोळवला, तुला माहीतच आहे कसा, आणि मग असा काही "छे!" म्हणाले की शेजारणीनं भिंतीवर थाप मारली. मी नाचायचीच बाकी होते. हा छे जेवणाला नव्हता गं, हा माझ्या सूपला होता! माणूस चव घेतोय!

तेव्हा सांग, काय चुकलं?

तुझी,
वहिनी

ता.क. दादाला या पत्राचं सांगितलेलं नाही.


११ फेब्रुवारी

भिंगरे,

कार्ड आलं! फाटकातच वाचलं, चपला घालायचंही भान नव्हतं. 'थंड पाण्यात सुरुवात. खळखळ उकळू द्यायचं नाही. पातेल्यात कधी मीठ घालतात का?'

ना प्रिय, ना तुझी, ना 'बाबा कसे आहेत'. चालेल. त्या प्रश्नचिन्हातला तोरा मात्र थेट तुझ्या वडिलांचा आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिठाचं मी विसरलेच होते. तुमच्याकडे मीठ टेबलावर असायचं, ज्याचं त्यानं घालायचं.

तर काल पुन्हा केलं. हाडं थंड पाण्यात, गॅस अगदी बारीक. बुडबुडा येतो न येतो अशा बेतात धरायचं, हे मला एकदा हाताला लागल्यावर काय सोपं गेलं! चढावर गाडी हाफ क्लचवर धरायला मी वर्षानुवर्षं लोकांना शिकवतेय, मला काय सांगतेस? वर येणारी मळी चमच्यानं काढत बसले. ढवळलं नाही. ढवळायला हात शिवशिवत होते, म्हणून दुसरा हात खिशात घातला. ओल्या फडक्यातून गाळलं, पिळलं नाही. आणि भिंगरे, वाटीच्या तळाचं निळं फूल स्वच्छ दिसत होतं! दादाला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "वाटीत फूल आहे हे मला माहीतच नव्हतं."

बाबांनी चमचा माझ्या हातातून काढून घेतला. स्वतः प्यायचं म्हणून. उजवा हात चालत नाही, म्हणून डाव्यानं. निम्मं सदऱ्यावर. लहानपणी तू डाव्या हातानं जेवायचीस म्हणून ते किती करवादायचे ते तूच मला सांगितलंयस. बघ, आता तेच डावखुरे झालेत! अर्थात पुढे त्यांनी हार मानली होती म्हणा. दुकानात तुझी वाटी मांडताना चमचा डावीकडे ठेवायचे, ते मी गल्ल्यावरून रोज बघायची. म्हणजे दर रविवारी.

चार-पाच चमचे पोटात गेले. मग छे. पण हा छे बारीक होता. मीही चाखून बघितलं. वास आहे, रंग आहे, पण पाण्यासारखं सरकन जातं, ओठांना काही लागत नाही. काय राहिलं?

लवकर लिही. कार्डावरच लिही, आमचं तेवढ्यावर भागतं.

वहिनी


१७ फेब्रुवारी

अगं भिंगरे, पाय!

'पाय घाल, नखं काढून. पाय नसतील तर करू नकोस. झाकण ठेवू नकोस.' वाचलं आणि तशीच गाडी घेऊन कोंबडीवाल्याकडे. शिकवणी चालू होती, पण म्हटलं, मास्तर, आज आपण बाजारातून वळणं घेऊ. माझे सध्याचे शिकाऊ म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर. रस्त्यावरच्या प्रत्येक म्हशीच्या अंतराचा हिशोब करतात आणि मग ब्रेक सोडून भलतंच दाबतात. कोंबडीवाल्यानं पिशवी भरून पाय दिले. "कुत्र्याला का?" म्हणाला. मी म्हटलं, सासऱ्यांना. त्यावर त्यानं माझ्याकडे जे बघितलं! मी समजावून सांगेपर्यंत त्याचा चेहरा काही पूर्ववत झाला नाही. पुढच्या चौकात मास्तरांनी करकचून ब्रेक मारला, पिशवी उलटली आणि सगळे पाय मास्तरांच्या पायांत. "मॅडम, माझ्या क्लचवर कुणीतरी पाय ठेवलाय," असं ते अगदी गंभीरपणे म्हणाले. अजून आठवलं की मला हसू आवरत नाही.

घरी आले, नखं छाटली, साल सोलली. दादाला म्हटलं, बाबांना चाकांच्या खुर्चीत बसवून स्वयंपाकघरात आण, बसू देत तिथे. मला वाटलं होतं छे म्हणतील. म्हणालेच नाहीत! टेबलापाशी बसून शेवटपर्यंत पातेल्याकडे बघत राहिले. मी सवयीनं झाकण उचललं, तर छे! ठेवून दिलं. गाजर लवकर घालायला गेले, छे! थांबले. मग माझ्या लक्षात आलं, ते छे म्हणायचे थांबले की समजायचं, बरोबर चाललंय. एका शब्दात माणूस किती शिकवू शकतो! मी क्लचपासून इंडिकेटरपर्यंत बडबडते आणि मास्तर अजून तिथेच आहेत.

आणि सकाळी! फ्रिज उघडला तर सूप थिजून थरथरत होतं. हाताला लागेल अशी जेली. मी पातेलं घेऊन शेजारणीकडे गेले, पोस्टमनला दाखवलं, मास्तरांना दाखवलं. सगळ्यांना हलवून दाखवलं. गरम केल्यावर ओठ असे चिकटत होते एकमेकांना!

बाबा अर्धी वाटी प्यायले. काट्यावर बसवलं, वजन उतरायचं थांबलंय. चढत मात्र नाही. कारण अर्ध्या वाटीवर ते थांबले, चमचा खाली ठेवला आणि छे म्हणाले. रागानं नाही गं. आधी वाटीत बघितलं, मग पातेल्यात, मग दाराकडे. काहीतरी शोधत होते आणि ते तिथे नव्हतं.

आता मला खरं सांग, तू काहीतरी राखून ठेवतेयस. ठेव, तुला तो हक्क आहे. तुझं पातेलं त्यांनी भर गिऱ्हाइकांसमोर गटारात ओतलं, तेव्हा मी तिथेच होते. ते माल आणायला गेले असताना तू हाडं भाजून सूप केलंस, तांबूस, घमघमीत. बाहेर रांग लागली होती. ते आले, चाखलं, "माझ्या दुकानात जळकं विकायचं नाही" म्हणाले आणि ओतून मोकळे. सगळ्यांना वाटतं तू त्या ओतण्यावरून गेलीस. मला ठाऊक आहे तसं नाही. ओतण्याआधी त्यांनी तुला पहिली वाटी दिली नाही. सूप कितीही बिघडो, पहिली वाटी करणाऱ्याची, हा त्यांचाच नियम. म्हणजे त्यांच्या लेखी ते सूपच नव्हतं आणि ते करणारी कुणी नव्हतीच. तू एप्रन काढून हूकला अडकवलास तेव्हा तुझा चेहरा मी बघितला होता.

पण नाकात नळी जायला नको, भिंगरे. राहिलं असेल ते सांग.

वहिनी


२३ फेब्रुवारी, सकाळी

'राखून काही ठेवलेलं नाही. त्यांचं सूप एवढंच आहे. आता लिहू नकोस.'

लिहू नकोस म्हणे! आज तर मला लिहिल्यावाचून दम निघणार नाही. ओट्यापाशी उभी राहून लिहितेय, कागदाला चरबीचे डाग पडतील, सांभाळून घे.

तुझं कार्ड आलं आणि माझं मन खट्टू झालं. 'त्यांचं सूप' हे दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचत होते. आज सकाळी तव्यावर कांदा अर्धा कापून नुसता गरम करत ठेवला, तेवढ्यात मास्तरांचा फोन. एकटेच गाडी घेऊन निघालेले, चढावर अडकलेत, मागे सगळे हॉर्न वाजवतायत! धावले. गाडी वर काढून देऊन परत येते तो काय, घरभर धूर. कांदा काळा ठिक्कर. मी खोकत खिडकी उघडायला गेले.

"छे!"

वळून बघते तर बाबा स्वयंपाकघराच्या दारात! एकटे! सकाळी दादा त्यांना खुर्चीत बसवून गेला होता, तीच एका हातानं चाक ढकलत, एका पायानं जमीन रेटत, पुढच्या खोलीतून इथवर आले होते. दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी स्वतःहून कूस बदलली नव्हती गं. मी खिडकी तशीच सोडली. त्यांनी मान वर केली आणि तो जळका वास छाती भरून घेतला. मग डाव्या हातानं हाडांच्या परातीकडे बोट. मग ओव्हनकडे. मला कळेना. पुन्हा हाडं, पुन्हा ओव्हन. मी म्हटलं, "भाजायची?"

छे नाही म्हणाले.

मी म्हटलं, "भिंगरीसारखी?"

छे नाही म्हणाले, भिंगरे! डोळे मिटून घेतले, पण छे नाही म्हणाले!

आता एक सांगते, जे मला आजवर कुणी विचारलं नाही. त्या दिवशी ओतायच्या आधी त्यांनी पळी दोनदा बुडवली होती. पहिल्यांदा चाखून बघायला. दुसरी पळी मात्र पूर्ण प्यायले, आणि मग ओतलं. बिघडलेलं सूप दुसऱ्यांदा कोण पितं? गल्ल्यावरून मला वाटलं, खात्री करून घेत असतील. आज वाटतंय, त्यांना ते आवडलं होतं, आणि तेच त्यांना झेपलं नाही.

हाडं ओव्हनमध्ये आहेत. बाबा काचेसमोर खुर्ची लावून बसलेत. मी दर थोड्या वेळानं ट्रे बाहेर काढते, ते छे म्हणतात, मी परत ढकलते. मघाशी मला वाटलं झाली, छान सोनेरी. छे. अजून तांबूस हवी आहेत. तुझी किती गडद होती?

थांब, या वेळी छे आला नाही. काढते.


त्याच दिवशी, दुपारी

ट्रेला चिकटलेलं खरवडून पाण्यात घातलं, ते मी टाकून देणार होते. त्यावर आयुष्यातला सगळ्यात मोठा छे ऐकला. मग तुझ्या सगळ्या कार्डांप्रमाणे केलं: थंड पाणी, पाय, बारीक गॅस, झाकण नाही. जळका कांदा सालीसकट आत. लसणाचा अख्खा गड्डा आडवा कापून. मिरे. सबंध घराला असा वास सुटलाय की शेजारीण दोनदा काहीतरी मागायला येऊन गेली, आणि दोन्ही वेळा मागायचं तेच विसरली. दादा जेवायला आला तो दारातच थांबला. "ती आलीये का?" म्हणाला.

इतकंच म्हणाला, आणि मग बूट काढत बसला. एवढा वेळ बूट काढायला लागत नाही कुणाला.

मी त्याला तुझी कार्डं दाखवली. त्यानं सगळी वाचली, पहिल्यापासून. "अक्षर अजून तसंच आहे," म्हणाला.

आता गाळते. पुढचं नंतर लिहीन.


२६ फेब्रुवारी

भिंगरे,

आधी बातमी: नळी नाही! काल डॉक्टरीणबाई आल्या, काट्यावर वजन बघितलं, पुन्हा बघितलं, काटा बिघडलाय का म्हणून स्वतः उभ्या राहून बघितलं. मग विचारलं, काय देताय यांना? मी वाटीच पुढे केली. उभ्या उभ्या प्यायल्या, आणि दुसरी मागितली. नळीचं नाव काढलं नाही.

आता त्या दुपारचं सांगते, आणि हे मी नीट, सावकाश सांगणार आहे.

सूप गाळून झालं. तांबूस, स्वच्छ. टेबलावर चार वाट्या मांडल्या, चौथी शेजारणीसाठी, मधे मिठाची डबी. बाबांना विचारलं, वाढू का? छे. पळी मागितली. डाव्या हातानं, सांडत सांडत, त्यांनी स्वतः एक वाटी भरली. मला गंमत वाटली. म्हटलं, अजून नियम विसरले नाहीत, पहिली वाटी करणाऱ्याची! दिवसभर राबले होते मी, तापलेल्या ट्रेनं मनगट पोळलं होतं. अगदी कौतुकानं हात पुढे केला.

"छे!"

मी हात मागे घेतला. दादाला वाटलं त्याच्यासाठी असेल. त्यानं हात लावला, छे. मग मी म्हटलं, बाबा, तुम्हीच घ्या. छे. वाटी तशीच. त्यांनी ती एका बोटानं ढकलत ढकलत टेबलाच्या पलीकडच्या टोकाला नेली, खिडकीजवळच्या त्या रिकाम्या खुर्चीसमोर. हात पुरेना तेव्हा आपली चाकांची खुर्ची पुढे सरकवली. चमचा घेतला आणि वाटीच्या उजवीकडे ठेवला. बघत राहिले. मग चमचा उचलला आणि डावीकडे ठेवला. मग मिठाची डबी आणून त्याच्या शेजारी.

दादा उठला आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिला.

त्यानंतर बाबांनी आपली वाटी भरली, प्यायली, दुसरी भरली, तीही संपवली. एकदाही छे म्हणाले नाहीत.

माझी पाळी शेवटची आली. तुझ्या बाबांच्या लेखी मी नुसती गॅसपाशी उभी होते. आणि खोटं कशाला सांगू, ते खरंच आहे. जन्मात इतकं सुरेख काही मी प्यायले नव्हते, आणि ते माझं नव्हतं. मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाहीये. आनंदानं मी मास्तरांना फोन करून सांगितलं, उद्यापासून तुम्ही एकटे गाडी चालवायला मोकळे. (आज सकाळी त्यांनी कोंबडीवाल्याची पाटी पाडली. असो.)

आता माझी पंचाईत ऐक. ती वाटी आज सकाळपर्यंत तिथेच होती. मी वर ताटली झाकली होती. परवा संध्याकाळी ती फ्रिजमध्ये ठेवायला उचलली, छे. काल बाबा झोपलेले बघून पुन्हा उचलली, झोपेतून छे! सूप थिजलं, आणि आज वास येऊ लागलाय. शेवटी मी त्यांच्यासमोर बसून सांगितलं, बाबा, हे आता टाकायलाच हवं, पण उद्या मी ताजं करीन. पहिली वाटी पुन्हा तिथेच ठेवू. तेव्हा कुठे मला हात लावू दिला. म्हणजे आता रोज हाडं भाजायची आणि रोज एक वाटी त्या खुर्चीसमोर मांडायची, आणि मी तरी किती दिवस कोंबडीवाल्याकडून पाय आणू? तो आता मला बघून दुकानात लपतो.

ती वाटी तुझी आहे, भिंगरे. मला ती उचलायचा हक्क नाही, दादाला नाही, आणि त्यांना स्वतःलाही नाही. तूच ये आणि पी. मीठ त्यांनी घातलेलं नाही, तुझं तू घाल.

कार्ड पाठवशीलच. या वेळी सूपबद्दल काही लिहू नकोस. फक्त कुठल्या गाडीनं येतेस ते लिही.

तुझी,
वहिनी